विषाद, प्रारब्ध आणि घरातली मुलगी

किशोरवयीन मुलीचे नैराश्य हे प्रारब्ध मानावे की आजार, हा प्रश्न श्रद्धाळू मराठी घरांत आजही उभा राहतो आणि ती डॉक्टरांपर्यंत पोचते की नाही, हे पुष्कळदा त्याच्या उत्तरावर ठरते. नैराश्य म्हणजे चार दिवसांचा रुसवा नव्हे. निदान दोन आठवडे मन खचलेले राहते, कशातच गोडी वाटत नाही, झोप, भूक आणि एकाग्रता बिघडते. वयात आल्यानंतर मुलींमध्ये त्याचे प्रमाण मुलांच्या सुमारे दुप्पट आढळते. या वयात ते अनेकदा चिडचिडीच्या रूपाने प्रकटते: नववीतली मुलगी डबा तसाच परत आणते, केस विंचरत नाही, मैत्रिणींना टाळते, आणि घरचे ‘नाटकं करते’ म्हणून मोकळे होतात.

प्रारब्ध म्हणजे पूर्वकर्मांपैकी ज्यांचे फळ भोगण्यास आरंभ झाला आहे तेवढा भाग. हा सिद्धान्त मानणाऱ्या परंपरेनेही उपाय सोडलेला नाही. टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त कर्मविपाकाबरोबरच आत्मस्वातंत्र्याची चर्चा केली, चरकसंहितेने दैवी उपायांच्या जोडीला औषधयोजना आणि सत्त्वावजय, म्हणजे अहितकर विषयांपासून मनाला आवरणे, हेही उपचार सांगितले. मुलीला ताप आला की तत्काळ दवाखाना गाठणाऱ्या घराला तिच्या मनाच्या दुखण्यातच तेवढे प्रारब्ध आठवावे, याला श्रद्धा म्हणता येणार नाही. ती हयगय आहे.

गीतेच्या आरंभी अर्जुनाची गात्रे गळतात, तोंडाला कोरड पडते, धनुष्य हातातून निसटते. श्रीकृष्ण प्रथम त्याला दुबळेपणा टाक असे खडसावतात. परंतु त्या खडसावण्याने अर्जुन उठत नाही, तो आपली व्यथा पुन्हा मांडतो, शरण येतो, लढणार नाही असे सांगून गप्प होतो, आणि खरा संवाद त्यानंतर सुरू होऊन त्याच्या शंका घेत घेत अठराव्या अध्यायापर्यंत चालतो. जे खडसावणे भगवंताच्या मुखातूनही पुरेसे ठरले नाही, ते थकल्याभागल्या आईबापांच्या तोंडून पुरेसे ठरेल, अशी अपेक्षा कशी करावी? अर्थात अर्जुनाचा विषाद हा वैद्यकीय निदान नव्हे, आणि उपदेश कितीही थोर असला तरी तो समुपदेशनाची किंवा आवश्यक त्या औषधाची जागा घेऊ शकत नाही.

म्हणून नामस्मरण अवश्य करावे, परंतु मुलीजवळ बसून तिचे बोलणे मध्येच न तोडता ऐकावे, आणि जीव द्यावासा वाटतो का, हेही स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. मदतीसाठी केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र व विनामूल्य उपलब्ध आहे.