जैतून वृक्षाने का नाकारले?

शास्त्रभाग : शास्ते, अध्याय 9, वचने 1 ते 21



ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ आली म्हणजे खेड्यापाड्यांतील मंडळ्यांतून आम्हांस एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारण्यात येतो. कोणी म्हणतो, विश्वासणाऱ्याने उमेदवार म्हणून उभे राहावे काय? कोणी म्हणतो, मत देण्यास गेलेच पाहिजे काय? उपदेशक बंधू विचारतात, मंडळीने कोणास मते द्यावी हे आम्ही सांगावे काय? ह्या प्रश्नांचे उत्तर शास्त्रातील एका जुन्या निवडणुकीच्या आधारे देण्याचे आम्ही योजिले आहे.

गिदोन मरण पावल्यावर त्याचा एक पुत्र अबीमलेख ह्याच्या मनात राज्य करण्याची इच्छा उत्पन्न झाली. त्याची आई शखेम गावची होती. तो आपल्या मामांकडे गेला आणि त्यांच्या तोंडून गावास कळविले की, आपण तुमच्याच रक्तामांसाचे आहो. गावकऱ्यांचे मन वळले. त्यांनी आपल्या दैवताच्या देवळातून सत्तर रुपये काढून त्यास दिले, व त्या पैशाने त्याने उडाणटप्पू लोक पदरी ठेवले. मग त्याने आपल्या भावांस एकाच धोंड्यावर ठार केले. एकटा धाकटा योथाम लपून वाचला. तो गरिज्जीम डोंगराच्या माथ्यावर उभा राहिला आणि त्याने शखेमकरांस झाडांची गोष्ट सांगितली. झाडांस राजा हवा होता. त्यांनी जैतुनास विनंती केली, अंजिरास केली, द्राक्षवेलीस केली. आपले तेल, आपली गोड फळे, आपला रस सोडून झाडांवर डुलत राहावयास का जावे, असे म्हणून तिघांनीही नाकारले. शेवटी झाडे काटेझुडुपाकडे गेली. त्याने तत्काळ होकार दिला, आपल्या सावलीत येण्याचे आमंत्रण दिले, आणि न आल्यास आग लावण्याची धमकीही त्याच श्वासात दिली. ज्या झुडुपाखाली शेळीसही सावली मिळावयाची नाही, ते लबानोनाच्या गंधसरूंस सावली देऊ लागले!

प्रियजनहो, ही गोष्ट फार दूरची नाही.

आपल्या राज्यातील ग्रामपंचायती 1958 च्या अधिनियमाप्रमाणे चालतात. राज्यघटनेची 73 वी दुरुस्ती 24 एप्रिल 1993 पासून अमलात आल्यावर दर पाच वर्षांनी त्यांची निवडणूक घेणे बंधनकारक झाले. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक स्त्रीपुरुषास मत आहे आणि एकवीस वर्षे पूर्ण झालेल्यास उभे राहता येते. लहान गावात सात, तर मोठ्या गावात सतरापर्यंत सदस्य असतात. सरपंचाची निवड 2022 पासून पुन्हा थेट मतदारांच्या हाती आली आहे. नळाला पाणी कोणत्या आळीत आधी यावे, दिवा कोणत्या कोपऱ्यावर लागावा, गटार कोठून जावे, दफनभूमीची वाट मोकळी राहावी किंवा नाही, ह्या गोष्टी तेथे ठरतात. जो म्हणतो की ह्या गोष्टींशी आत्म्याचा संबंध नाही, त्याने वैशाखात डोक्यावर दोन हंडे घेऊन ओढ्यापर्यंत चालत जाऊन यावे आणि मग आम्हांस तसे सांगावे.

आता ह्या शास्त्रभागातून तीन गोष्टी ध्यानात घेऊ.

पहिली गोष्ट मत देणाराची. शखेमकर दोन कारणांनी फसले : एक नाते, दुसरे पैसा. हा मनुष्य कसा आहे हे त्यांनी विचारले नाही. आपला आहे एवढेच विचारले. आजही भावकी पाहून मत पडते आणि मतदानाच्या आदल्या रात्री पाकीट घरोघर फिरते. जानेवारी 2021 मध्ये नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथील ग्रामपंचायत निवडणुका राज्य निवडणूक आयोगास रद्द कराव्या लागल्या, कारण तेथे पदांचा लिलाव झाल्याचे दिसून आले. लिलाव उघड झाला म्हणून तो रद्द झाला. आमच्या उंबऱ्यावर जो लिलाव गुपचूप होतो तो कोण रद्द करणार? कित्येक विश्वासणारे म्हणतात, पैसे सर्वांचे घेतो आणि मत मनाप्रमाणे देतो; ह्यात काय बिघडले? बिघडले हे की, एकास आपण विकले गेल्याचे सोंग दाखविले आणि दुसऱ्याच्या पदरात मत टाकले. एका कृत्यात लाच आणि लबाडी ही दोन्ही पापे साधली. शिवाय ज्याने पाच वर्षांचे पाणी एका रात्रीत विकत घेतले, तो पुढे हापशाच्या दुरुस्तीसाठी आपले ऐकेल अशी आशा कशास धरावी? त्याचा हिशेब तर चुकता झालेला असतो.

ह्यासाठी मत हे देवाने हाती दिलेले कारभारीपण समजा. मत द्यावयास अवश्य जा. घरातील वृद्ध मातेसही घेऊन जा. इथ्रोने मोशेस जी सल्ला दिली ती निर्गमाच्या अठराव्या अध्यायात आहे. माणूस कर्तबगार, देवाचे भय धरणारा, सत्यनिष्ठ आणि लाचेचा द्वेष करणारा असावा, असे त्याने सांगितले. आपल्या वॉर्डातील उमेदवारांस ह्या मापाने मोजा. ज्याच्या अंगी सत्य व निर्लोभता आहे, तो आपल्या मंडळीतील नसला तरी त्यास मत देण्यास कचरू नका. आणि ज्याच्या अंगी ती नाही, तो आपल्या मंडळीतील असला तरी त्यास देऊ नका.

दुसरी गोष्ट चांगल्या झाडांची. पुष्कळ उपदेशांत काटेझुडुपाची निंदा होते, पण जैतुनास कोणी दोष देत नाही. वास्तविक झुडूप राजा झाले, कारण तीन चांगल्या झाडांस वेळ नव्हता. आमच्या मंडळ्यांतही असेच घडते. जो वाचू जाणतो, ज्याचा शब्द गावात मानला जातो, ज्याने कधी कोणाचा पैसा बुडविला नाही, तो म्हणतो, हा चिखल आमच्यासाठी नव्हे. आमचे नागरिकत्व स्वर्गात आहे. हे वचन पौलाने फिलिप्पै येथील मंडळीस लिहिले हे खरे. पण त्याच फिलिप्पै नगरात त्यास चौकशीवाचून फटके मारण्यात आले, तेव्हा तो गुपचूप निघून गेला नाही. आपण रोमी नागरिक आहो हे त्याने अधिकाऱ्यांस सुनावले आणि त्यांस स्वतः येऊन आपणास बाहेर नेण्यास लाविले. स्वर्गाच्या नागरिकाने पृथ्वीवरील नागरिकत्व टाकून दिले नाही. नव्या मंडळीच्या रक्षणार्थ ते वापरले. यिर्मयानेही बाबेलात नेलेल्या बंदिवानांस, ज्या नगरात तुम्ही आहा त्याचे हित पाहा, असे लिहून पाठविले. मग ज्या गावात आपल्या बापजाद्यांची हाडे आहेत, त्याचे हित पाहणे आपणांस जड का जावे?

आणखी एक गोष्ट आपल्या तरुणांस ठाऊक असावी. घटना समितीचे उपाध्यक्ष डॉ. हरेंद्रकुमार मुखर्जी हे स्वतः ख्रिस्ती होते. 1949 साली धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा राहू नयेत, ह्या बाजूने ते उभे राहिले. आपण कुंपणाआड न बसता शेजाऱ्यांच्या विश्वासावर उभे राहावे, हा त्याचा अर्थ आम्ही घेतो. तो विश्वास घरी बसून मिळावयाचा नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण आहे. जैतुनाने एक प्रश्न केला : मी आपले तेल सोडू काय? त्यास वाटले, पुढे जावयाचे तर तेल सोडलेच पाहिजे. हीच त्याची चूक होती. तेल न सोडता पुढे जाणारे झाड गावास हवे आहे.

काही वर्षांपूर्वी एका खेड्यातील तरुण सभासद रात्री आमच्याकडे आला. त्याच्या वॉर्डातील जागा अनुसूचित जातीसाठी राखीव होती. त्याच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला होता, पण शाळेच्या जुन्या दाखल्यावर पूर्वीची जात तशीच राहिली होती. गावचे पुढारी त्यास म्हणाले, अर्जावर तेवढे लिही. देवळात जा अगर जाऊ नको, कोण पाहतो? त्याच्या वस्तीला पाण्याची टाकी नव्हती. त्याने आम्हांस विचारले, पाण्यासाठी एवढे लिहिले तर देव रागावेल काय? आम्ही बराच वेळ गप्प राहिलो. आमच्या घरात नळ होता, हे त्यास दिसत होते.

कायदा स्पष्ट आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता. 1956 साली शीख आणि 1990 साली बौद्ध बांधवांस तो मिळाला, ख्रिस्ती व मुसलमानांस मिळाला नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात असे ठरविले की, ख्रिस्ती धर्म पाळीत असताना केवळ राखीव लाभासाठी आपण हिंदू आहो असे सांगणे ही घटनेची फसवणूक होय. अनुसूचित जमातींच्या आदेशात धर्माची अट नाही, म्हणून आमच्या भिल्ल, मावची आदी आदिवासी बंधूंची गोष्ट वेगळी आहे. पण ज्यांच्या वाडवडिलांनी अस्पृश्यतेचे चटके सोसले, त्यांचे चटके बाप्तिस्म्याच्या पाण्याने गावाच्या नजरेतून पुसले गेले नाहीत, हे आम्ही जाणतो. हा भेद आम्हांस अन्यायाचा वाटतो. ह्या प्रश्नाच्या चौकशीसाठी 2022 साली माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन ह्यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमण्यात आला. अर्ज करणे, न्यायालयात जाणे, उघडपणे मागणी करणे हे पाप नव्हे. परंतु अन्याय खरा असला म्हणून खोटी सही खरी होत नाही.

शेवटी आम्ही त्या तरुणास पेत्राची आठवण दिली. प्रमुख याजकाच्या वाड्यात विस्तवाजवळ शेकत असता त्यास विचारण्यात आले, तू त्याच्यापैकी आहेस ना? त्याने जिवाच्या भीतीने नाकारले, आणि बाहेर जाऊन अत्यंत दुःखाने रडला. त्याच्यापुढे तरवार होती. आपल्यापुढे तर खुर्ची आहे. खुर्चीसाठी तोच शब्द उच्चारावयाचा काय?

तरुणाने राखीव जागेचा अर्ज भरला नाही. तो शेजारच्या वॉर्डातून सर्वसाधारण जागेवर उभा राहिला आणि पडला. टाकी त्या वर्षी झाली नाही. हे आम्ही लपवीत नाही. पण पुढील प्रत्येक ग्रामसभेस तो हजर राहिला, टाकीचा ठराव मागत राहिला, आणि ज्यांनी त्यास मत दिले नव्हते त्यांचेही अर्ज लिहून देत राहिला. तिसऱ्या वर्षी ठराव झाला. आज त्या गावात कागद लिहावयाचा झाल्यास लोक त्याच्या दारी येतात. तो सदस्य झाला नाही, पण त्याचे तेल त्याच्यापाशी राहिले आणि गावाचा दिवा त्यावर जळतो.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी सांगून पुरे करू. जो उभा राहू इच्छितो त्याने प्रथम घरपट्टी व पाणीपट्टी भरून टाकावी. थकबाकीदारास कायदा पंचायतीत बसू देत नाही आणि पौलही रोमकरांस ज्याचा कर त्यास देण्यास सांगतो. निवडणुकीच्या खर्चाचा खरा हिशेब मुदतीत द्यावा, मग जिंको वा हरो. निवडून आल्यास केवळ आपल्या दफनभूमीचा सदस्य होऊ नये. सर्व आळ्यांचा व्हावे.

भगिनींविषयी विशेष सांगणे आहे. 2011 सालापासून आपल्या राज्यात पंचायतींच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. परंतु कित्येक ठिकाणी सही पत्नीची आणि कारभार पतीचा असे चालते. दबोरा खजुरीच्या झाडाखाली न्याय करीत असे, तेव्हा तिच्या जागी लप्पीदोथ बसत नसे. ज्या घरी ही जागा आली आहे त्या घरच्या पुरुषांनी सभेच्या दिवशी चूल सांभाळावी.

उपदेशक बंधूंनो, व्यासपीठावरून उमेदवाराचे नाव घेऊ नका आणि मंडळीची मते एका गठ्ठ्यात बांधून कोणास देण्याचे वचन देऊ नका. मत गुप्त आहे. ते प्रत्येकाने देवासमोर एकट्याने द्यावयाचे आहे. तुम्ही मंडळीस माप शिकवा, माल त्यांस निवडू द्या. उमेदवारांच्या भांडणाने मंडळीत फूट पडू लागली, तर मतमोजणीच्या दुसऱ्या दिवशी दोघांच्याही घरी जाऊन प्रार्थना करा. आधी हरलेल्याच्या घरी जा.

वृद्ध शमुवेलाने सर्व लोकांसमोर उभे राहून विचारले होते की, मी कोणाचा बैल घेतला, कोणावर जुलूम केला, कोणाच्या हातून लाच घेतली? आणि लोकांनी साक्ष दिली की, नाही. पाच वर्षांनी आपल्या मंडळीतील एखाद्या भावास किंवा बहिणीस ग्रामसभेत तसे उभे राहून विचारता यावे, आणि सर्व गावाने, ख्रिस्ती व अख्रिस्ती सर्वांनी, तशीच साक्ष द्यावी, अशी आमची प्रार्थना आहे. प्रभू आपणांस तेल न सोडता पुढे होण्याचे धैर्य देवो. आमेन.