पाणी खाली वाहते, म्हणून माणसाने खाली राहावे काय?

वाचकहो, प्रवाहाच्या विरुद्ध जाऊ नका, ताठ राहू नका, मऊ व्हा, खालची जागा आनंदाने पत्करा, असा उपदेश कोणी तुमच्या दारात येऊन केला तर तुम्ही त्याला काय म्हणाल? धम्मदीक्षा घेतलेल्या घरातील वडीलधारी माणसे ताडकन म्हणतील, की बाबा रे, हा उपदेश आमच्या आज्या-पणज्यांनी पुष्कळ ऐकला. देवळाच्या बाहेर उभे राहून ऐकला. गावकुसाबाहेर राहून ऐकला. त्या उपदेशाचे ओझे टाकण्यासाठीच तर आम्ही धर्मांतर केले. हे उत्तर योग्यच आहे. तरीही अडीच हजार वर्षांपूर्वीच्या परंपरेतला एक चिनी विचारवंत नेमका असाच उपदेश करतो, आणि तो मनूचा भाऊबंद नव्हे. मग त्याच्या सांगण्याचा अर्थ काय लावायचा? त्याला नाकारायचे, की त्यातले काही आपल्या उपयोगाचे आहे हे तपासून घ्यायचे? तथागतांनी कालामांना सांगितले होते, की कोणी थोर म्हणतो म्हणून स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या. पारखून घेण्याचा हा नियम परक्या विचारालाही लागू आहे.

या विचारवंताचे नाव लाओत्से. परंपरा सांगते की तो चौ राजघराण्याच्या दप्तरखान्यात काम करीत होता आणि कन्फ्यूशियसहून वयाने मोठा होता. तो एक माणूस होता की अनेकांच्या वचनांना दिलेले ते एक नाव, याविषयी आजचे अभ्यासक साशंक आहेत. त्याच्या नावावर असलेला 'ताओ ते चिंग' हा ग्रंथ अगदी लहान आहे. त्यात 81 प्रकरणे आणि सुमारे 5000 चिनी अक्षरे आहेत. 1993 साली चीनमधील ग्वोदियान येथे एका थडग्यात बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेला त्याचा काही भाग सापडला. तो इसवी सनापूर्वी 300 च्या सुमाराचा मानतात. म्हणजे आपल्या सम्राट अशोकाच्याही आधीचा.

'ताओ' म्हणजे वाट, मार्ग. सृष्टी आपल्या वाटेने चालते. तिला कोणी सिंहासनावर बसून हुकूम सोडत नाही. माणसाने त्या वाटेत अहंकाराने, हावरेपणाने, जबरदस्तीने ढवळाढवळ करू नये, या वृत्तीला चिनी शब्द आहे 'वू-वेई'. त्याचे भाषांतर कोणी 'अकर्म' असे करतात, पण त्या शब्दाला आपल्याकडे गीतेचा वास आहे, म्हणून तो येथे नको. गीता सांगते की आपापल्या वर्णाचे कर्म करीत राहा. लाओत्सेच्या ग्रंथात वर्ण नाही आणि मागच्या जन्मीच्या पापाची वहीही नाही. 'न ओढाताण करता करणे' एवढाच वू-वेईचा साधा अर्थ आपण धरू.

आता पाण्याकडे येऊ. लाओत्सेला पाणी फार प्रिय आहे. पाणी सर्वांना जगवते, कोणाशी स्पर्धा करत नाही, आणि इतर ज्या खालच्या जागेला नाके मुरडतात तेथे जाऊन राहते, म्हणून ते ताओच्या सर्वांत जवळ आहे, असे तो म्हणतो. विचार सुंदर आहे. पण हा विचार महाडच्या चवदार तळ्याच्या काठी उभे राहून वाचून पाहा. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी हजारो स्त्री-पुरुषांसह त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. ते पाणी गुराढोरांना मोकळे होते, परधर्मीयांना मोकळे होते, फक्त आपल्याला नव्हते. त्यानंतर तळे बाटले म्हणून ते शुद्ध करण्याचा विधी झाला, खटला उभा राहिला, आणि मुंबई हायकोर्टाचा अखेरचा निकाल लागायला 1937 साल उजाडले. दहा वर्षे! पाण्याने कोणालाही मज्जाव केला नव्हता. मज्जाव करणारी माणसे होती.

येथे लाओत्सेच्या उपमेतील आणि आपल्या इतिहासातील भेद स्पष्ट होतो. पाणी खाली जाते ते स्वतःच्या स्वभावाने. आपल्या पूर्वजांना खाली ठेवले ते नियम करून, लाठी घेऊन, शास्त्राचा आधार दाखवून. जो वर बसू शकतो आणि तरी खाली बसतो त्याच्या बसण्याला नम्रता म्हणतात. ज्याला वर बसण्याची मुभाच नाही त्याच्या खाली बसण्याला नम्रता म्हणणे ही थट्टा आहे. वरच्या आळीतला शिकलेला माणूस ताओचे पुस्तक वाचून प्रसन्न होतो आणि आपल्याला सांगतो, तुम्ही किती भाग्यवान, तुम्ही तर आधीच खालच्या जागी आहात! त्याला विचारावे, मग जागा बदलायची का?

परंतु एवढ्यावर पुस्तक मिटले तर लाओत्सेवर अन्याय होईल. कारण हा उपदेश तो करतो कोणाला, हे पाहिले पाहिजे. त्याचा ग्रंथ बहुतांशी राजाला उद्देशून आहे. प्रजा उपाशी मरते ती वरचे लोक कर फार खातात म्हणून, असे तो उघड सांगतो. महाल चकचकीत असतात तेव्हा शेते ओस पडतात, आणि भरजरी वस्त्रे घालून मिरवणाऱ्यांना तो दरोडेखोरांत जमा करतो. खाली राहा, मऊ राहा, हात आवरता घ्या हे तो सत्ताधाऱ्याला सांगतो आहे. मोठे राज्य चालवणे लहान मासा शिजवण्यासारखे आहे, हे त्याचे म्हणणे प्रसिद्ध आहे. आमच्या लालबाग-परळच्या आयाबहिणींना ते समजावून सांगण्याची गरज नाही. तव्यावर ओला बोंबील घातला आणि सारखा उलथण्याने ढोसत बसले तर ताटात काय येते, ते त्यांना ठाऊक आहे.

या दृष्टीने पाहिले तर जातिव्यवस्था ही वू-वेईच्या अगदी उलट टोकाची वस्तू ठरते. कोणी काय ल्यावे, कोणते भांडे वापरावे, कोणत्या रस्त्याने चालावे, कोणी शिकू नये, कोणी कोणाशी लग्न करू नये, जन्मापासून सरणापर्यंत एकही गोष्ट तिने सहज राहू दिली नाही. मनुस्मृतीइतकी ढवळाढवळ माणसाच्या जीवनात क्वचितच कोणी केली असेल. तेव्हा 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला ती जाळली गेली, ही गोष्ट प्रवाहाविरुद्ध होती असे कोण म्हणेल? झऱ्याच्या तोंडावर कोणी धोंडा ठेवला असेल तर धोंडा काढणे हा पाण्यावर जुलूम नव्हे.

मात्र धोंडा कोणी काढायचा, याचे उत्तर लाओत्से देत नाही. राजाने ऐकले तर ठीक, नाही ऐकले तर? त्याच्याविषयीची आख्यायिका अशी, की राज्याची अवनती पाहून तो निघून गेला आणि सीमेवरच्या अधिकाऱ्याच्या आग्रहाखातर त्याने जाता जाता हा ग्रंथ लिहून दिला. निघून जाणे एकट्या माणसाला जमते. सबंध वस्तीने कोठे जायचे?

त्याच्या ग्रंथातील दोन गोष्टी तर आपल्याला साफ नाकाराव्या लागतील. एके ठिकाणी तो म्हणतो, शहाणा राजा लोकांची पोटे भरतो आणि मने रिकामी ठेवतो. पोटे भरतो हे ठीक. पण मन रिकामे ठेवण्याचा प्रयोग आपल्यावर झालेला आहे आणि त्याबरोबर पोटही रिकामेच राहिले, हा आपला अनुभव आहे. ज्याला वाचता येत नाही त्याच्या पोटाचा हिशेब दुसराच लिहितो. दुसरी गोष्ट त्याच्या आदर्श खेड्याची. लहानसा देश, थोडी माणसे, शेजारच्या गावातील कोंबडे-कुत्री ऐकू येतात, पण जन्मापासून मरेपर्यंत कोणाला तिकडे जावेसे वाटत नाही. असे खेडे चित्रात बरे दिसते. बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत खेड्याविषयी जे कठोर उद्गार काढले, ते अशाच चित्रावर भाळलेल्यांना उद्देशून होते. संकुचित वृत्ती आणि अज्ञान यांचे आगर म्हणून त्यांनी खेड्याकडे पाहिले, कारण ते त्यांनी गावकुसाच्या बाहेरून पाहिले होते. रत्नागिरी, सातारा जिल्ह्यांतली आपली माणसे लाओत्सेच्या खेड्यातच राहिली असती तर नायगाव, वरळी, डिलाईल रोडच्या बी.डी.डी. चाळींत कोण आले असते? दहा बाय बाराच्या खोलीत दोन बिऱ्हाडे राहिली, पण नळावर नाव विचारणारा पाटील नव्हता. तेथेही भेद होता, नव्हता असे नाही. परंतु त्याच्याशी भांडायला माणसे जवळ होती.

आता ताओ परंपरेतील दुसरा मोठा लेखक च्वांगत्से याच्याकडे वळू. मला स्वतःला लाओत्सेपेक्षा हा अधिक जवळचा वाटतो, कारण त्याच्या गोष्टींत राजापेक्षा कारागीर मोठा असतो. त्याची एक गोष्ट अशी. एक खाटीक राजासमोर बैल कापतो आहे. त्याचा सुरा हाडावर आपटत नाही, सांध्यांच्या पोकळीतून अलगद फिरतो. तो म्हणतो, साधे खाटीक महिन्याला सुरा बदलतात, माझा एकोणीस वर्षे झाली तरी नवा आहे. राजा म्हणतो, जगावे कसे हे मी आज या खाटकाकडून शिकलो. विचार करा, राजा खाटकाला गुरू मानतो! आपल्या शास्त्रांत असे एक तरी पान सापडेल काय?

तरी येथेही सावध राहिले पाहिजे. हाताच्या कौशल्यात आनंद असतो हे खरे. पण तो आनंद दाखवून 'बापाचाच धंदा कर' असे सांगणारे लोक आपल्याकडे कमी नाहीत. महाडच्याच परिषदेत मेलेली जनावरे ओढणे सोडा, मृतमांस सोडा, असे आपल्या लोकांना सांगण्यात आले. ते काम करणाऱ्या हातांत कौशल्य नव्हते म्हणून नव्हे. ते काम निवडलेले नव्हते, लादलेले होते. आणि जेथे कौशल्य शिकायला आपण गेलो तेथे काय झाले? मुंबईच्या गिरण्यांत जास्त पगार साच्यावर, म्हणजे विणकाम खात्यात. धोट्यातल्या कांडीचा धागा तुटला की तो तोंडाने ओढून काढावा लागे. अस्पृश्याच्या ओठाला लागलेला धोटा आपल्या ओठाला लागेल, या कारणासाठी आपल्या माणसांना त्या खात्याचे दार बंद होते. 1928 च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. च्वांगत्सेच्या खाटकाला बैल मिळाला, सुरा मिळाला, एकोणीस वर्षे मिळाली. आमच्या विणकराला साचाच मिळाला नाही.

मग ताओ विचाराचे आपल्या घरात काही काम आहे का? मला वाटते, आहे; पण रस्त्यावर कमी आणि घरात जास्त. दाराबाहेर सत्ता दुसऱ्याच्या हाती असते, दाराआत ती आपल्या हाती असते. लाओत्से सत्ताधाऱ्याला जे सांगतो ते प्रत्येक बापाने, सासूने, नवऱ्याने ऐकण्यासारखे आहे. मुलगा दहावीला आला की घरातले चौघे त्याच्या मानेवर बसतात. सुनेने कसे उठावे-बसावे याचे नियम काही घरांत अजून मनूला शोभतील असे आहेत. भिंतीवर बुद्धाची तसबीर लावली आणि बायकोला विचारल्याशिवाय दाराबाहेर पडू दिले नाही, तर धम्म भिंतीवरच राहिला. बोंबील सारखा ढोसू नका, हे येथे लागू आहे. लग्नात चार माणसांना दिपवण्यासाठी कर्ज काढणाऱ्यांनाही लाओत्सेचे एक म्हणणे ऐकवावे: पुरे कशाला म्हणायचे हे ज्याला कळले तो श्रीमंत.

च्वांगत्सेची वेड्यावाकड्या झाडाची गोष्टही ध्यानात ठेवावी. सुतार म्हणतो, हे लाकूड निरुपयोगी. झाड त्याच्या स्वप्नात येऊन विचारते, मी तुझ्या उपयोगाचे असतो तर एवढा वाढलो असतो का? 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि त्यांतल्या असंख्यांना पुन्हा गिरणीचे तोंड दिसले नाही. परळ-लालबागच्या कितीतरी घरांत चाळिशीचा धडधाकट पुरुष एकाएकी 'बिनकामाचा' ठरला. मालकाच्या वहीतून नाव गेले म्हणजे माणसाची किंमत गेली, असे त्यालाही वाटू लागले आणि घरच्यांनाही. त्या माणसाला झाडाची गोष्ट कोणी सांगायला हवी होती. त्याने त्याची थकबाकी मिळाली नसती हे खरे, पण तो घरात मान खाली घालून बसला नसता.

तथागतांचा मार्ग आणि हा मार्ग यांत फरक कोठे पडतो? दुःख आहे, त्याला कारण आहे आणि ते कारण दूर करता येते, असे बुद्ध सांगतात. अष्टांगिक मार्गात सम्यक व्यायाम, म्हणजे योग्य प्रयत्न, हे एक स्वतंत्र अंग आहे. ताओमध्ये प्रयत्नाविषयी शंका आहे, बुद्धांच्या ठायी प्रयत्नाचे माप आहे. सोण नावाच्या भिक्खूने चालून चालून पाय रक्तबंबाळ केले, तेव्हा त्यांनी त्याला वीणेच्या तारेची आठवण दिली. तार फार ताणली तरी सूर नाही, फार सैल सोडली तरी नाही. लाओत्सेने ताणू नको एवढे सांगितले. सैल सोडू नको हे त्याने पुरेसे सांगितले नाही, आणि आपल्याला गरज दोन्हींची आहे.

ताओच्या नावाने चीनमध्ये पुढे पुजारी, मंत्र-तंत्र, अमर होण्याची औषधे हे सारे निर्माण झाले, ते मात्र दुरूनच पाहावे. ज्यांना उत्सुकता असेल त्यांनी डॉकयार्ड रोड स्थानकापासून जवळ, माझगावातील जुने चिनी देऊळ पाहून यावे. कँटनकडून आलेल्या खलाशी-कारागिरांच्या समाजाने ते 1919 साली बांधले. तेथे भाकीत सांगणाऱ्या काड्याही आहेत. त्याच इमारतीत क्वान यिन आहे, म्हणजे मूळचा आपला अवलोकितेश्वर. बौद्ध विचार चीनमध्ये गेला तेव्हा आरंभीच्या भाषांतरकारांनी निब्बाणासाठी 'वू-वेई' हाच शब्द वापरला होता, इतके हे दोन प्रवाह एकमेकांत मिसळले.

पण ते एक आहेत का, हा प्रश्न फार जुना आहे. साधारण इ.स. 641 मध्ये पुलकेशीच्या महाराष्ट्रात येऊन गेलेला ह्युएनत्संग चीनला परतल्यावर, 647 साली सम्राटाने त्याला 'ताओ ते चिंग' संस्कृतात आणण्याची आज्ञा केली. ताओपंथी पंडित म्हणाले, 'ताओ' या शब्दाला 'बोधि' असा प्रतिशब्द घाला. ह्युएनत्संगाने नकार दिला. बोधि म्हणजे जागे होणे, ताओ म्हणजे नुसती वाट, असे त्याचे म्हणणे होते, आणि तो 'मार्ग' या शब्दावर अडून बसला. त्याने केलेले ते भाषांतर आज कोठेही उपलब्ध नाही.