एका आवाजाचे दफ्तर

एखाद्या गायिकेने आयुष्यभर जे गायले ते सारे एका पेटीत घालून विकण्याचा जो रिवाज पाश्चात्त्य ध्वनिमुद्रण-व्यवसायात गेल्या शतकाच्या अखेरीस सीडीच्या आगमनाबरोबर रूढ झाला, त्याकडे निव्वळ व्यापाराची क्लृप्ती म्हणून पाहणे सोपे आहे, आणि बऱ्याच अंशी ते खरेही आहे. कारण ज्यांनी जुन्या तबकड्या एकदा विकत घेतल्या त्यांनाच त्या पुन्हा विकण्याचा याहून सभ्य मार्ग आजवर कोणाला सुचलेला नाही. तथापि व्यापाराच्या निमित्ताने जमा झालेले कागदसुद्धा कालांतराने इतिहासाचे साधन ठरतात, आणि कित्येकदा ज्याने ते जमवले त्याच्याच विरुद्ध साक्ष देतात. कोलंबिया कंपनीने १९९३ साली जॅनिस जॉप्लिन या अमेरिकन ब्लूज-रॉक गायिकेच्या ध्वनिमुद्रणांचा 'जॅनिस' या नावाने तीन सीडींचा जो संच काढला, त्याची साक्ष मला याच जातीची वाटते.

जॉप्लिनची कारकीर्द इतकी अल्प होती की तिच्या समग्र वाङ्मयाला, म्हणजे समग्र गायनाला, एक पातळसा खंड पुरावा. टेक्सासच्या किनाऱ्यावरील पोर्ट आर्थर या तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यांवर जगणाऱ्या गावी १९ जानेवारी १९४३ रोजी तिचा जन्म झाला, आणि ४ ऑक्टोबर १९७० रोजी हॉलिवूडमधील एका मोटेलच्या खोलीत, हेरॉइनच्या अतिसेवनाने, सत्ताविसाव्या वर्षी ती गेली. तिच्या हयातीत तिच्या आवाजाच्या तीनच एलपी निघाल्या. चौथी, 'पर्ल', निघाली ती जानेवारी १९७१ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर. एवढ्या भांडवलावर पेटी भरायची तर जे कधी प्रसिद्ध व्हावे अशी कोणाची अपेक्षाही नव्हती ते बाहेर काढणे भाग होते: मित्राच्या घरी केलेल्या फिती, मैफलींची मुद्रणे, बाजूला टाकलेली आवर्तने. पेशवे दफ्तराच्या असंख्य रुमालांतून रियासतकार सरदेसायांनी पंचेचाळीस खंडांपुरते कागद वेचले, तेव्हा सरकारी हुकमांइतक्याच खाजगी चिठ्ठ्या आणि घरगुती रडगाणीही उजेडात आली, आणि त्या चिठ्ठ्यांनीच पुष्कळ मोठ्या माणसांविषयीच्या ठाम समजुतींना धक्का दिला; या पेटीतही नेमके तेच घडले आहे.

जॉप्लिनविषयीची रूढ समजूत कोणती, हे सांगायला फार शब्द लागत नाहीत. केसांत पिसे, गळ्यात मण्यांच्या माळा, हातात सदर्न कम्फर्टची बाटली, आणि कंठातून निघणारा असा आक्रोश की ज्याला शिक्षणाचा, संयमाचा, योजनेचा स्पर्शही झालेला नाही: स्वतःला जाळून गाणारी एक जन्मजात वेदना. ही प्रतिमा वर्तमानपत्रांनी रचली हे खरे, परंतु ती रचण्यात तिचा स्वतःचा हातभार होता, आणि तो अडाणीपणाचा नव्हता. ज्या मद्याची बाटली तिच्या छायाचित्रांत सतत दिसे, त्या मद्याच्या कंपनीकडून या फुकटच्या जाहिरातीचा मोबदला म्हणून तिने फरचा एक कोट पदरात पाडून घेतला होता. जी स्त्री आपल्या दंतकथेचे भाडे वसूल करते ती त्या दंतकथेत हरवलेली असेल, हे मला पटत नाही.

संचाचा आरंभ होतो तो डिसेंबर १९६२ मध्ये ऑस्टिन येथे एका मित्राच्या घरी मुद्रित केलेल्या, तिनेच रचलेल्या 'व्हॉट गुड कॅन ड्रिंकिन डू' या गाण्याने. त्या वेळी ती एकोणीस वर्षांची होती. त्यानंतर येते ती १९६४ ची फीत. कॅलिफोर्नियातील सँटा क्लारा येथे, पुढे 'जेफरसन एअरप्लेन' या वाद्यवृंदाचा गिटारवादक म्हणून प्रसिद्धीस आलेल्या योर्मा कौकोनेनच्या घरी दोघे कार्यक्रमाची तालीम करीत होते, फीत फिरत होती, आणि त्याच घरात त्याची पत्नी टाइपरायटरवर काम करीत बसली होती. तिला कोणी थांबवले नाही. त्यामुळे 'ट्रबल इन माइंड' आणि 'हेझिटेशन ब्लूज' या जुन्या रचनांच्या मागे टाइपरायटरची टकटक अखंड ऐकू येते; कधी ती लयीत पडते, कधी लयीला बेमुर्वतपणे आडवी जाते, कधी मध्येच थांबते आणि श्रोता उगाचच पुढच्या अक्षराची वाट पाहू लागतो. या टकटकीच्या वर जो आवाज आहे तो आक्रोश करीत नाही. तो ठाम आहे, किंचित नाकातून येतो, शब्दाच्या शेवटी स्वर अलगद खाली सोडतो, आणि ओळीच्या मधोमध श्वास कोठे घ्यायचा याचे त्याचे हिशेब पक्के आहेत. ब्लूज गायिका बेसी स्मिथच्या तबकड्या ज्याने ऐकल्या आहेत त्याला ही सारी वळणे तात्काळ ओळखू येतील. गुरूची नक्कल करीत करीत शिकणाऱ्या विद्यार्थिनीचा हा आवाज आहे. वेदना असेलच, पण तिच्याआधी तेथे अभ्यास आहे.

हे एकदा कानांनी पकडले की पुढची प्रसिद्ध मुद्रणे निराळी ऐकू येतात. जून १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ती 'बिग ब्रदर अँड द होल्डिंग कंपनी' या वाद्यवृंदात दाखल झाली, तेव्हा विजेच्या गिटारींच्या गदारोळावरून आवाज पोचवायचा होता, आणि तिने तो पोचवला. जून १९६७ च्या मॉन्टरे महोत्सवात शनिवारी त्यांचे गायन झाले, परंतु त्याचे चित्रण झालेले नव्हते. म्हणून रविवारी पुन्हा व्यासपीठावर येऊन तिने कॅमेऱ्यासाठी 'बॉल अँड चेन' गायले, आणि ज्या उत्स्फूर्त उद्रेकाने जग थक्क झाले तो अशा प्रकारे दुसऱ्या दिवशीचा उद्रेक होता. १९६८ च्या 'चीप थ्रिल्स' या एलपीची कथा याहून मौजेची आहे. प्रत्यक्ष मैफलीचा भास व्हावा म्हणून स्टुडिओत मुद्रित केलेल्या गाण्यांवर श्रोत्यांचा गलबला चढवण्यात आला. खरोखर मैफलीतले असे एक 'बॉल अँड चेन' तेवढे होते. त्या एलपीचा निर्माता जॉन सायमन याने आपले नाव तीवर घालू दिले नाही. त्याची एक तक्रार अशी की जॉप्लिनचे ते हंबरडे आणि चीत्कार आधी बसवलेले असत. ती ते घोटून तयार करी आणि दर वेळी त्याच जागी घेई, आणि खऱ्या ब्लूज गायकाला हे शोभत नाही.

सायमनची ही फिर्याद मी तिच्या बाजूचा सर्वात मोठा पुरावा मानतो. ज्या परंपरेत एकेका तानेसाठी वर्षानुवर्षे गळा घासला जातो त्या परंपरेत वाढलेल्या कानांना, आर्तता ठरवून उभी करता येते यात लाजिरवाणे असे काही वाटण्याचे कारण नाही. कलावंताच्या दुःखाची आपण जी पूजा करतो तिच्यामागे पुष्कळदा त्याच्या श्रमाविषयीची उदासीनता दडलेली असते. विशेषतः कलावंत स्त्री असली म्हणजे तर ती केवळ भोगते आणि गाणे आपोआप बाहेर पडते, अशी आपली सोयीस्कर श्रद्धा असते.

१९६९ चा कालखंड मी लवकर आटोपतो, कारण पेटीतही तो तितकासा रमणीय नाही. जुने साथीदार सोडून तिने पितळी वाद्यांचा ताफा उभा केला, त्या ताफ्याला मेम्फिसच्या सोल संगीताची ढब हवी होती, आणि ती पुरती साधली नाही. 'ट्राय' आणि 'कॉझ्मिक ब्लूज' ही गाणी मात्र आजही उभी आहेत.

'पर्ल'च्या सप्टेंबर १९७० मधील मुद्रणांशी आपण येतो तेव्हा कालक्रमाने लावलेल्या कोणत्याही संग्रहात असतो तो दोष ठळकपणे समोर येतो. शेवट ठाऊक असलेला श्रोता प्रत्येक गाण्यात मृत्यूची चाहूल शोधू लागतो. वास्तविक लॉस एंजेलिसच्या सनसेट साउंड स्टुडिओत पॉल रॉथचाइल्ड या निर्मात्याबरोबर जे चालले होते ते अत्यंत शिस्तीचे काम होते. आवाजाच्या खालच्या, मवाळ जागा, ज्या १९६४ च्या फितीवर होत्या आणि मध्यंतरी गदारोळात बुडाल्या होत्या, त्या येथे पुन्हा वर आलेल्या आहेत. १ ऑक्टोबरला तिने कोणत्याही वाद्याच्या साथीशिवाय, एकाच आवर्तनात, 'मर्सिडीज बेंझ' ही चेष्टेची प्रार्थना म्हटली. जॉन लेननच्या तिसाव्या वाढदिवसासाठी तिने आणि साथीदारांनी गंमत म्हणून एक शुभेच्छागीतही मुद्रित केले होते. ती फीत लेननच्या हाती पडली तेव्हा जॉप्लिन या जगात नव्हती. निक ग्रेव्हनाइट्सच्या 'बरीड अलाइव्ह इन द ब्लूज' या गाण्याचा वाद्यांचा भाग तयार होता, शब्द तिने गायचे राहिले होते, आणि 'पर्ल'वर ते तसेच, आवाजाविना, घालण्यात आले. या साऱ्या गोष्टी आज शकुनासारख्या वाटतात. ज्या आठवड्यात त्या घडल्या त्या आठवड्यात ती एक कामात गढलेली, बऱ्यापैकी विनोदी बाई होती. नियती नंतर घुसडली जाते, आणि पेटीतील गाण्यांचा अनुक्रम त्या कामी सर्वात उपयोगी पडतो.

परंतु या संचाविरुद्ध माझी मुख्य तक्रार निराळी आहे. 'बॉल अँड चेन' ही बिग मामा थॉर्नटन या कृष्णवर्णीय गायिकेची रचना. 'पीस ऑफ माय हार्ट' हे अरिथा फ्रँकलिनच्या थोरल्या बहिणीने, अर्मा फ्रँकलिनने, १९६७ साली आधी गायलेले. जॉप्लिनने ही ऋणे कधी लपवली नाहीत. उलट १९३७ मध्ये मोटार-अपघातात गेलेली बेसी स्मिथ पेन्सिल्व्हेनियातील शॅरन हिल येथे बिनदगडाच्या थडग्यात पडून आहे असे कळल्यावर, ऑगस्ट १९७० मध्ये तिच्या शिळेच्या खर्चातला वाटा जॉप्लिनने उचलला. दुसरा वाटा होता जुआनिटा ग्रीन या स्त्रीचा, जी लहानपणी बेसीच्या घरी कामाला जात असे. तेहेतीस वर्षे त्या थडग्यावर नाव नव्हते, आणि ते कोरले गेल्यावर दोन महिन्यांच्या आत शिष्येचाही अंत झाला.

बेसी स्मिथ १९२३ पासून याच कोलंबिया कंपनीसाठी गायली. तिच्या तबकड्यांनी कंपनीला त्या काळी मोठा आधार दिला, आणि तिला मिळाला तो दर बाजूमागे ठोक मोबदला. विक्रीतील हिस्सा नाही. तिची समग्र मुद्रणे कंपनीने १९९१ पासून खंडशः काढली, त्यांत काय आहे? कंपनीने तिच्याकडून विकण्यासाठी जे गाऊन घेतले, बहुतांशी तेवढेच. मागे कोणी काम करीत आहे, कोणी हसत आहे, गायिका अजून चुकत-शिकत आहे, असे तेथे काहीही नाही. कारण घरात ठेवून फिरवता येईल असे ध्वनिफितीचे यंत्र तेव्हा नव्हते, आणि असते तरी टेनेसीच्या चॅटनूगा गावात नाक्यावर गाऊन पैसे मिळवणाऱ्या त्या पोरक्या मुलीच्या घरी ते कोठून येणार! जॉप्लिनचे शिकणे आपल्याला ऐकता येते. जिच्याकडून ती शिकली तिचे शिकणे कोणालाही, कधीही ऐकता येणार नाही. एकीला खाजगी आयुष्याचे दफ्तर मिळाले, दुसरीच्या वाट्याला केवळ सरकारी नोंद आली, आणि पुढे पहिलीला आपण माणूस म्हणून ओळखतो व दुसरीला 'सम्राज्ञी' अशी पदवी देऊन मोकळे होतो.

यावर इलाज फारसा अवघड नव्हता. तीन सीडींच्या जोडीला चौथी घालून तीवर थॉर्नटन, अर्मा फ्रँकलिन आणि बेसी स्मिथ यांचे मूळ आवाज दिले असते, तर ऐकणाऱ्याला नक्कल कोठे संपते आणि जॉप्लिन कोठे सुरू होते हे स्वतःच्या कानांनी ठरवता आले असते, आणि या तुलनेत जॉप्लिन उणी पडली असती असे मला मुळीच वाटत नाही. पहिल्या दोघींच्या बाबतीत परवानग्यांचा आणि पैशाचा प्रश्न उभा राहिला असता, हे मान्य. बेसी स्मिथच्या तबकड्या मात्र कोलंबियाच्याच गुदामात होत्या, आणि त्यासाठी कोणाकडे अर्जही करावा लागला नसता.