सांधा दिसता कामा नये

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाची सत्याविषयीची कल्पना फार बाळबोध असते. आकडा चुकला तर तो पुसायचा नाही. त्यावर एक आडवी रेघ मारायची, तीही अशी की खालचा चुकीचा आकडा कोणालाही वाचता यावा. मग वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी सही ठोकायची. मी नोकरीला लागलो तेव्हा लेजरं शेवटच्या घटका मोजत होती. आता सगळा कारभार संगणकावर, पण तिथेही झालेली नोंद पुसून टाकता येत नाही, तिची उलटी नोंद करावी लागते. थोडक्यात काय, आमच्या धंद्यात सांधा दिसलाच पाहिजे. न दिसणाऱ्या सांध्याला आमच्याकडे अफरातफर म्हणतात.

अशा माणसानं सिनेमाच्या वाटेला जाऊ नये. पण आमची पुतणी कॉलेजात सिनेमाचं शिकते. परीक्षेसाठी तिला सहा मिनिटांचा सिनेमा काढायचा होता, आणि फुकटात मिळणारे नट म्हणून मी आणि तिचे आजोबा, म्हणजे माझे वडील, अशी आमची निवड झाली. गोष्ट साधी. पुष्कळ दिवसांनी मुलगा घरी येतो. वडील त्याच्याकडे बघतात, तो वडिलांकडे बघतो. संवाद एकही नाही. ते आम्हा दोघांना मुळीच जड गेलं नाही. एरवीही आमचं बोलणं वर्तमानपत्र आणि विजेचं बिल यांच्या पलीकडे फारसं जात नाही.

परीक्षेची अट होती कंटिन्युइटी एडिटिंगची. म्हणजे प्रसंगाचे तुकडे वेगवेगळे टिपायचे आणि असे जोडायचे की बघणाऱ्याला सांधा कळता कामा नये. पुतणीला जुन्या वाड्याचं कडीचं दार हवं होतं, ते मिळालं सदाशिव पेठेत. खोली मात्र कोथरूडची, आमचीच. मला सुट्टी दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी. तेव्हा दुसऱ्या शनिवारी मी सदाशिव पेठेत उजव्या हातानं दार ढकललं आणि चौथ्या शनिवारी कोथरूडात आत पाऊल टाकलं. मधले पंधरा दिवस मी तत्त्वतः उंबरठ्यावरच होतो. शर्टावर सांडलेल्या आमटीचा डाग दाराबाहेर दिसला म्हणून तो दाराच्या आतही दिसायला हवा होता. सबब पंधरा दिवस तो शर्ट धुवायचा नाही, असा हुकूम सुटला. याविषयी आमच्या सौ.चं मत सेन्सॉरसंमत नाही.

दुसरा नियम रेषेचा. समोरासमोरच्या दोन माणसांमधून एक काल्पनिक रेषा जाते आणि कॅमेऱ्यानं तिच्या एकाच बाजूला राहायचं असतं. हा मला लगेच पटला. काउंटरच्या एकाच बाजूला राहून मी आजवरचं आयुष्य काढलेलं आहे. ती रेषा ओलांडली तर एकमेकांकडे बघणारी माणसं पडद्यावर एकाच दिशेला बघताना दिसतात, पीएमटीच्या स्टॉपवर उभी असल्यासारखी.

पण खरी गंमत नजरेची. बाबांचं काम मधल्या बुधवारी उरकलं. त्या वेळी मी शाखेत नोटा मोजत होतो. बाबांना सांगण्यात आलं, आजोबा, भिंतीवरच्या खुंटीकडे बघा, काका आला असं समजा. माझी पाळी आली त्या शनिवारी बाबा ज्येष्ठ नागरिक संघाबरोबर सहलीला गेले होते. त्यांच्या खुर्चीवर दोन जाडजूड शब्दकोश आणि त्यावर आमचा कुकर ठेवला. "काका, कुकरच्या शिट्टीकडे बघ. प्रेमानं." मी बघितलं.

तुम्ही म्हणाल, सिनेमात हे चालायचंच. चालतंच. आपल्याकडे सिनेमाची सुरुवातच 1913 साली सत्यवचनी राजा हरिश्चंद्राच्या गोष्टीनं झाली, आणि फाळक्यांच्या त्या चित्रपटात राणी तारामती होते अण्णा साळुंके. पुढे 1917 च्या 'लंकादहन'मध्ये राम तेच आणि सीताही तेच. रामाची व्याकुळता आणि सीतेची तळमळ एकाच इसमाच्या नावावर जमा! तरी भाविक मंडळी पडद्याला हात जोडत. रशियात लेव्ह कुलेशोव्ह यांनी इव्हान मोझुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा एकदा सूपच्या बशीला जोडला आणि एकदा शवपेटीला. प्रेक्षकांना म्हणे आधी भूक दिसली, नंतर दुःख. चेहरा तोच. आमच्या मॅनेजरसाहेबांचाही तोच असतो. समोर ठेव आणणारा बसला की वत्सल दिसतो, कर्ज मागणारा बसला की संत.

मग हे खोटं म्हणायचं का? मी बरंच डोकं चालवलं. फोनवर मेव्हणी "कसं काय?" विचारते आणि आपण "मजेत" म्हणतो, मधलं सकाळचं भांडण सफाईनं कापलेलं असतं, पण त्याला कोणी लबाडी म्हणत नाही. उलट एखाद्याच्या भाषणाचं अर्धं वाक्य नागपूरचं आणि अर्धं नांदेडचं जोडून ऐकवलं, तर कात्री तीच असूनही ती लबाडी होते. मला वाटतं, सांधा उघडा पाडल्यावर समोरचा काय करतो ते बघावं. तो हसला तर आपण सुटलो, त्यानं पोलीस बोलावले तर नाही.

सिनेमा तयार झाला, घरच्या लॅपटॉपवर लागला. दार ढकललं, आत आलो, डागासकट. बाबांनी मान वर केली. आणि मग आम्ही दोघं एकमेकांकडे जे बघितलं, ते इतकं बघितलं की स्वयंपाकघरातून सौ. बाहेर आली. बाबांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला.

"परत लाव गं," ते नातीला म्हणाले.

ती नजर त्यांनी तीनदा बघितली. त्यांच्या बाजूची खुंटी त्यांना ठाऊक होती. माझ्या बाजूला काय होतं ते ठाऊक नव्हतं. म्हणजे व्हाउचरची एकच बाजू त्यांच्या हाती होती, आणि दुसरी बाजू दाखवली तर सगळी जमाच रद्द होते की काय, अशी मला धास्ती. गप्प राहिलो असतो तर काही बिघडलं नसतं. सिनेमा चांगला झाला होता, बाबा खुशीत होते.

"मी खुंटीकडे बघत होतो," बाबाच म्हणाले. "पण पोरीनं समज म्हटलं, मी समजलो. तू कशाकडे बघत होतास रे?"

'तुमच्याकडेच' हा शब्द तोंडात तयार होता. तो तिथे इतका चपखल बसला असता की सांधा कुणालाच दिसला नसता. पुतणी माझ्याकडे बघत होती.

"कुकरकडे," मी म्हणालो.

बाबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"मग बरोबर आहे," ते म्हणाले. "घरात आल्या आल्या तू आधी तिकडेच बघतोस."