गुपचूप दिलेला न्याय

१९६३ सालच्या डिसेंबरची पहिली तारीख. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात जॅक्सनव्हिल येथे मातीच्या गोल मैदानावर मोटारींची शर्यत चालली होती. वेंडेल स्कॉट या ४२ वर्षांच्या कृष्णवर्णीय चालकाने सर्वांना मागे टाकले, तेही दोन फेऱ्यांनी. परंतु शर्यत संपल्याचे निशाण त्यांना दाखवलेच गेले नाही. बक बेकर या गोऱ्या चालकाला विजयी ठरवण्यात आले आणि करंडक, टाळ्या, छायाचित्रे हे सगळे त्याला मिळाले. स्कॉट यांनी हरकत घेतली. काही तासांनी, प्रेक्षक आपापल्या घरी गेल्यावर, पंचांनी कागद पुन्हा तपासले व मोजणीत चूक झाल्याचे मान्य केले. बक्षिसाची रक्कम स्कॉट यांना मिळाली, नोंदवहीतले नावही बदलले. करंडक मात्र बेकरबरोबर केव्हाच निघून गेला होता.

त्या काळी फेऱ्या माणसेच कागदावर मोजत, तेव्हा चूक होणे अशक्य नव्हते. स्कॉट यांना मात्र ती चूक वाटली नाही. विजेत्याला सुंदरीने चुंबन द्यायची तिथे प्रथा होती, आणि गोऱ्या मुलीने काळ्या माणसाचे चुंबन घेतलेले लोकांना दिसू नये म्हणून हे झाले, असे त्यांचे मत होते. या घटनेआधी अडीच महिनेच झाले होते, बर्मिंगहॅम गावच्या एका बाप्टिस्ट मंदिरात रविवारी सकाळी बाँब फुटून चार कृष्णवर्णीय मुली मरण पावल्या होत्या. शब्बाथशाळेला आलेल्या मुली त्या. स्कॉट यांचा संशय याच देशात, याच वर्षी उपजला, एवढे ध्यानात ठेवावे.

हे स्कॉट कोण? व्हर्जिनिया राज्यातील डॅनव्हिलचे. जन्म १९२१ चा. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात मिस्त्रीकाम केले, परतल्यावर टॅक्सी चालवली, आणि रात्री चोरटी दारू वाहिली. हे आम्ही झाकून ठेवणार नाही. बाहेरून साधी दिसणारी, आतून इंजिन वाढवलेली मोटार पोलिसांच्या पुढे पळवायची, या धंद्यातच या खेळाचे पुष्कळसे पहिले चालक तयार झाले. स्कॉट एकदा पकडलेही गेले होते. १९५२ साली डॅनव्हिलच्या शर्यतवाल्यांना गर्दी खेचण्यासाठी एक काळा चालक हवा होता. त्यांनी पोलिसांकडे चौकशी केली आणि पोलिसांनी स्कॉट यांचे नाव दिले, असे सांगतात. पोलिसांची शिफारस अशीही असते! पुढे १९६१ पासून ते सर्वांत वरच्या दर्जाच्या शर्यतींत उतरले. पदरी पैसा नाही, मोठ्या कंपनीचा आधार नाही. जुन्या मोटारी, स्वतःचे हात आणि मदतीला घरची मुले. अशा स्थितीत ४९५ शर्यती धावले. जिंकली ती एकच, जॅक्सनव्हिलची.

आता प्रश्न असा की, पैसे मिळाले, नोंद सुधारली, मग हिशेब मिटला की नाही? पुष्कळ सज्जन म्हणतील, मिटला. ख्रिस्ती माणसाने तर धातूच्या करंडकाची हाव धरूच नये. पौलाने करिंथकरांना नाश पावणाऱ्या मुकुटाबद्दल काय लिहिले ते आठवावे. आक्षेप वजनदार आहे. पण आमची अडचण अशी की, हा उपदेश नेहमी ज्याचे हिरावले गेले त्यालाच केला जातो. करंडक घेऊन घरी गेलेल्याला, किंवा तो चुकीच्या हाती देणाऱ्याला, कोणी नम्रतेचा धडा देत नाही.

आणि त्याच पौलाने फिलिप्पैत काय केले? प्रेषितांच्या कृत्यांचा सोळावा अध्याय उघडून पाहावा. त्याला व सीलाला चौकशीवाचून भर चौकात फटके मारले, तुरुंगात टाकले. सकाळी अधिकाऱ्यांचे शिपाई आले : सोडून द्या त्यांना. बंदिशाळेच्या नायकाने आनंदाने निरोप सांगितला. पौल गेला नाही. आम्ही रोमी नागरिक आहोत, मारले उघडपणे आणि घालवता गुपचूप, हे चालणार नाही. त्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्यावे, अशा अर्थाचे त्याचे उत्तर होते. ज्याने त्या रात्री बेड्यांत स्तोत्रे गायिली, त्याला मानापमानाची पर्वा होती असे कोण म्हणेल? आम्हांस वाटते, त्याच्या डोळ्यांपुढे लुदिया होती, मागे राहणारे बंधू होते. पौल गुपचूप निघून गेला असता तर गावाच्या लेखी ते फटके योग्यच ठरले असते, आणि पुढचे फटके या लोकांच्या पाठीवर पडले असते.

जॅक्सनव्हिलची चूक हजारो डोळ्यांसमोर झाली आणि दुरुस्ती एका खोलीत. मैदानातून घरी गेलेल्या प्रत्येक पोराने, गोऱ्या आणि काळ्याही, काळा माणूस जिंकत नाही हेच बरोबर नेले. पैशाने ते परत आणता आले नाही. पुढे स्कॉट यांना एक लाकडी करंडक देण्यात आला. तो अगदी किरकोळ होता, त्यावर नावही नव्हते, असे कुटुंबीय सांगत.

आपल्या मंडळ्यांतही हे घडते. सभेत पंचवीस माणसांसमोर खजिनदाराला विचारले जाते, पैसे कुठे गेले? महिन्याने पावती सापडते, हिशेब जुळतो. मग दोन वडील रात्री त्याच्या घरी जाऊन चहा घेतात आणि झाले गेले विसरा म्हणतात. तो विसरेलही, क्षमाही करील; ती त्याची आणि प्रभूची बाब आहे. पण पुढच्या सभेत उभे राहून दोन वाक्ये बोलण्याचे काम त्या वडिलांचे आहे, आणि खजिनदाराच्या क्षमेने ते रद्द होत नाही. जक्कय तरी चौपट परत देण्याचे बोलला तो कुजबुजून नव्हे; उभा राहून बोलला.

१९७३ साली अलाबामातील टॅलाडेगा येथे मोठ्या अपघातात स्कॉट जबर जखमी झाले, आणि त्यांची कारकीर्द तिथे संपल्यासारखीच झाली. १९९० च्या डिसेंबरात ते वारले. जॅक्सनव्हिलच्या विजयाचा करंडक शर्यतींच्या संघटनेने त्यांच्या कुटुंबाला डेटोना येथे भर मैदानात दिला तो २८ ऑगस्ट २०२१ रोजी, म्हणजे ५७ वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर. दुसऱ्या दिवशी स्कॉट शंभर वर्षांचे झाले असते. मेलेल्या माणसाला करंडकाचा काय उपयोग, असे कोणी विचारील. त्यांना नाहीच. पण देणाऱ्यांना देणे भाग होते, आणि ते प्रेक्षकांसमोरच देणे भाग होते.

त्यानंतर सुमारे पाच आठवड्यांनी, ४ ऑक्टोबर रोजी, त्याच टॅलाडेगाला बब्बा वॉलेस हा तरुण जिंकला. त्या दर्जाच्या शर्यतीत स्कॉटनंतर जिंकलेला तो पहिलाच कृष्णवर्णीय चालक. पावसामुळे शर्यत मध्येच थांबली होती. विजेत्याचे नाव मात्र त्याच दिवशी, तिथेच, सर्वांना ऐकू जाईल असे पुकारले गेले.