निष्ठा कुणाची, मत कुणाचं?



निकाल लागला की आपल्या वस्तीला एक बोल हमखास ऐकावा लागतो. "बौद्धवाड्यानं पलटी मारली." बोलणारा कोण? बहुतेक वेळा ज्यानं दहा वर्षांत तीन झेंडे खांद्यावर घेतले तोच. त्याला उलट उत्तर द्यायला वेळ लागणार नाही. पण त्याआधी एक प्रश्न आपण आपल्याशी सोडवून घेऊ. पक्षाशी निष्ठा हा मतदाराचा सद्गुण आहे का? आणि असलाच, तर तो फक्त गरिबानंच का पाळायचा?

लांब नको, आपल्या आळे गावातल्या मतपेटीपासून सुरुवात करू. २०१९ च्या लोकसभेला शिरूर मतदारसंघात धनुष्यबाणावर शिवाजीराव आढळराव पाटील आणि घड्याळावर अमोल कोल्हे. हे कोल्हे त्याच साली शिवसेनेतून राष्ट्रवादीत आलेले. २०२४ ला बघतो तर घड्याळ आढळरावांकडे आणि कोल्ह्यांकडे तुतारी. आता समजा, आपल्याच वस्तीतल्या एका म्हातारीनं दोन्ही वेळा इमानानं घड्याळाचं बटण दाबलं. तिच्याइतकं निष्ठावान कोण? पण हिशेब काय झाला? एकदा तिनं आढळरावांना पाडलं आणि पुढच्या खेपेला त्यांनाच मत दिलं. ती जागची हलली नव्हती. तिच्या पायाखालची सतरंजी हलली होती.

विधानसभेला तेच. शरद सोनवणे २०१४ ला जुन्नरमधून मनसेच्या इंजिनावर निवडून आले. २०१९ ला शिवसेनेकडून उभे राहिले आणि पडले. २०२४ ला अपक्ष उभे राहिले आणि जिंकले. कुणाची निंदा करायला मी हे लिहीत नाही. ही नोंद आहे. चिन्हाशी निष्ठा ठेवली तर माणूस बदलतो, माणसाशी ठेवली तर चिन्ह बदलतं. मग निष्ठा ठेवायची कशाशी?

साऱ्या महाराष्ट्राचंही तेच झालं. २०२४ च्या जूनमध्ये लोकसभेच्या ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला. नोव्हेंबरात विधानसभेच्या २८८ पैकी २३० जागा महायुतीच्या तीन मोठ्या पक्षांना. सहा महिन्यांत वारं फिरलं. लगेच शहाणे लोक बोलले, बाया पंधराशे रुपयांना विकल्या गेल्या. गिरणीमालकाला सरकारनं सबसिडी दिली तर ते धोरण, आणि कांदे काढणाऱ्या बाईच्या खात्यात पंधराशे पडले तर ती विक्री? त्या पैशावर भाळू नका हे मीही सांगीन. पण तिला विकाऊ म्हणायचा हक्क कुणाला, हे आधी ठरवा.

आता सगळ्यात मोठ्या लाटेकडे येतो. ती आपल्या नावानं उसळली होती.

१९९७ साल. राष्ट्रपतीची निवडणूक. के. आर. नारायणन उभे. केरळातल्या उझवूर गावी दलित घरात, गरिबीत जन्मलेला माणूस. समोर टी. एन. शेषन. काँग्रेस, संयुक्त आघाडी, भाजप, डावे, सगळे नारायणन यांच्या मागे. महाराष्ट्रात शिवसेना आणि भाजपचं एकच सरकार, पण भाजप नारायणन यांच्याकडं आणि शिवसेना शेषन यांच्याकडं. निकाल? मतमूल्य मोजलं तेव्हा नारायणन ९,५६,२९०, शेषन ५०,६३१. शंभरात पंच्याण्णव! देशभर गाजावाजा झाला, दलित राष्ट्रपती झाला.

मतदानाचा दिवस होता १४ जुलै. आणि ११ जुलैला मुंबईत, घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दहा माणसं मेली. मधे फक्त दोन दिवस. वरच्या मजल्यावर आपल्या माणसाला शंभरात पंच्याण्णव, तळमजल्यावर आपल्या माणसांना गोळी. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीनं दुसरी खोटी ठरत नाही, आणि एकीनं दुसरीची भरपाईही होत नाही. सगळेच पक्ष एका बाजूला येतात तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. पण विचारायला हवं, यात त्यांना मोजावं काय लागलं? जिथं कुणाचीच जमीन, कुणाचीच खुर्ची, कुणाचाच पाणवठा जात नाही, तिथं एकमत स्वस्त असतं.

याच निवडणुकीची अजून एक गंमत बघा. राष्ट्रपतीसाठी मत देताना आमदार-खासदाराला पक्षाचा व्हिप लागू नसतो. मतदान गुप्त असतं. १९६९ ला इंदिरा गांधींनी आपल्याच पक्षाच्या उमेदवाराविरुद्ध 'आतल्या आवाजाप्रमाणे' मत द्या म्हणून सांगितलं. व्ही. व्ही. गिरी निवडून आले, काँग्रेस फुटली. शिवसेनेनं २००७ ला युतीचा उमेदवार सोडून प्रतिभाताई पाटलांना मत दिलं. ते चाललं. मग साहेबाच्या पोटात आतला आवाज असतो आणि आपल्या पोटात नुसती भूकच असते काय? त्यांनी वाट बदलली तर विवेक. आपण बदलली तर पलटी.

आणि त्या मताला तिथं चक्क 'मूल्य' असतं. १९७१ च्या लोकसंख्येवर हिशेब करून महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५ धरतात. ते १७५ कुठून आलं? ती तुमचीआमची डोकी आहेत. आमदाराची स्वतःची नाहीत. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बजावलं होतं की राजकारणात प्रत्येक मताचं मूल्य सारखं राहील, पण समाजात आणि पोटापाण्यात माणसाचं मूल्य सारखं नसेल. त्याच भाषणात त्यांनी राजकारणातल्या भक्तीचा धोका सांगितला. धर्मात भक्तीनं मोक्ष मिळत असेल, राजकारणात भक्ती अधोगतीला आणि हुकूमशाहीला नेते, हा त्यांचा मतितार्थ.

निष्ठा हा शब्द आपल्याला नवा नाही. महार वतनदार निष्ठावानच होता. सांगावा पोचवला, वेस राखली, मढ्याची खबर नेली, जोहार घातला. बदल्यात शिळी भाकर आणि पिढीजात गुलामी. बाबासाहेबांनी १९२८ ला मुंबई कौन्सिलात वतनाविरुद्ध बिल आणलं ते याच निष्ठेतून माणूस सोडवायला. पुढं १९५८ च्या कायद्यानं ती वतनं गेली. आता कुणी म्हणत असेल की तुमचं मत बापजाद्यापासून आमचंच, तर तो मत मागत नाही, नवं वतन मागतोय. आणि निवडणुकीपुरतं बोलावणं म्हंजे बदली कामगाराची गत. गेटावर उभा राहा, नाव पुकारलं तर पाळी, नाय तर घरी.

आळ्याला रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या तोंडून वेद बोलवले, ही कथा आपल्याला सगळ्यांना पाठ. मला त्या कथेत एकच प्रश्न पडतो. रेड्याला स्वतःला काय बोलायचं होतं? ते कुणीच विचारलं नाही. गठ्ठा मताचं असंच असतं. तोंड आपलं, शब्द दुसऱ्याचे.

इथं एक कार्यकर्ता मला अडवील. तो म्हणेल, "असं प्रत्येकानं आपापल्या मनानं केलं तर आपण विखरून जाऊ. एकजुटीशिवाय आपल्याला विचारतो कोण?" हा आक्षेप हलका नाही. रिपब्लिकन ऐक्य झालं, १९९८ ला काँग्रेसशी समझोता झाला आणि प्रकाश आंबेडकर, रा. सु. गवई, जोगेंद्र कवाडे, रामदास आठवले असे चारजण खुल्या जागांवरून लोकसभेत गेले. वस्त्यांनी एकजूट राखली म्हणून गेले. पण ते ऐक्य टिकलं नाही. ते वस्तीनं मोडलं की वरून मोडलं, तुम्हीच सांगा. १९७४ ला गिरणगावातल्या लोकसभा पोटनिवडणुकीत पँथरनं बहिष्कार पुकारला. काँग्रेसचे रामराव आदिक पडले, रोझा देशपांडे निवडून आल्या. त्याच जानेवारीत भागवत जाधव गेला. मत न देणं हीसुद्धा एकजूट होती, आणि तिची किंमत रक्तात मोजली.

म्हणून मला एकजूट आणि निष्ठा या दोन गोष्टी वेगळ्या वाटतात. एकजूट आपल्यातली आपल्यात असते, आडवी. निष्ठा खालून वर जाते, उभी. एकजूट प्रश्नाशी बांधलेली असते, निष्ठा खुर्चीशी. प्रश्नाशी इमान राखायला कधी कधी पक्ष बदलावा लागतो. तो बदल आपण वस्तीत बसून, बोलून, कारण लिहून केला तर ती पलटी नाही, तो निकाल आहे. पण रात्री पाकीट घेऊन केला तर ती विक्रीच आहे. तिला आतला आवाज म्हणू नका.

नारायणन यांचंच पुढं बघा. इतक्या मतांनी निवडून आलेला माणूस मिंधा व्हायला हवा होता. तो झाला नाही. ऑक्टोबर १९९७ ला उत्तर प्रदेश सरकार बरखास्त करायची मंत्रिमंडळाची शिफारस त्यांनी फेरविचाराला परत पाठवली. जानेवारी २००० ला, घटनेचा फेरआढावा घ्यायची भाषा सुरू होती तेव्हा, घटनेनं आपल्याला दगा दिला की आपण घटनेला, असा सवाल त्यांनी सत्ताधाऱ्यांसमोरच टाकला. २००२ ला त्यांच्या नावावर पुन्हा एकमत झालं नाही. पंच्याण्णव टक्क्यांची लाट पाच वर्षांत ओसरली. पण १९९८ च्या लोकसभेला हा राष्ट्रपती इतर मतदारांसारखा रांगेत उभा राहिला आणि त्यानं मत टाकलं. पदावरच्या राष्ट्रपतीनं सार्वत्रिक निवडणुकीत मत द्यायची ती पहिली वेळ. त्या रांगेत त्याच्या मताचं मूल्य एक. कुठल्या पक्षाला दिलं, हे विचारायची कुणाची हिंमत नव्हती आणि कुणाला हक्कही नव्हता.

तोच हक्क आपल्या म्हातारीचाही आहे. पुढच्या निवडणुकीत कुणी विचारलं, "तुमचा वाडा कुणाचा?" तर सांगा, वाडा आमचा आहे. पाणी, जमीन, शाळा, गायरान, कोर्टात पडलेल्या केसेस, हे आमचे प्रश्न. यांच्याशी तुमची निष्ठा किती, ते आधी दाखवा. आमचं मत मग बघू.

जय भीम.