आमचं वाईच पाणी

पंचगंगेतल्या मेलेल्या माशांचे फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरून झालेत; त्यांचं वर्णन नको. माझं डोकं फिरलं ते त्यानंतरच्या ग्रामसभेत. गाव नदीकाठचंच. व्यासपीठामागं ‘जीवनदायिनी’ लिहिलेला फ्लेक्स. (फ्लेक्स दिसला की माझा पारा तसाही चढतो.) सांडपाण्याचा विषय निघाला आणि एक पुढारी हात उडवून म्हणाले, “आमचं वाईच पाणी. त्यानं काय हुतंय? आधी कोल्हापूरला सांगा की!” टाळ्या पडल्या.

तर हे वाईच पाणी मोजू. पाच हजारांचं गाव. जलजीवनच्या हिशेबानं माणशी रोज ५५ लिटर. त्यातलं ऐंशी टक्के गटारात येतं असं धरतात. झाले रोजचे २ लाख २० हजार लिटर, म्हणजे दहा हजारी बावीस टँकर. शेजारच्या गावानं एक टँकर जरी घाटावर ओतला तरी हेच पुढारी रस्त्यावर आडवे पडतील. आपलं गटारातनं हळूहळू जातं, म्हणून ते वाईच.

बोट दाखवण्याची रीतही पाहा. शिरोळ इचलकरंजीकडं दाखवतं, इचलकरंजी कोल्हापूरकडं, कोल्हापूर वरच्या गावांकडं. पाणी खाली वाहतं, बोट वर चढतं. प्रयाग चिखलीच्या संगमाला पोचलं की पंचाईत: कासारीनं कुंभीकडं बघायचं, भोगावतीनं तुळशीकडं, आणि सरतेशेवटी सह्याद्रीला नोटीस. गुप्त सरस्वतीचं बरं आहे, ती कुणाला सापडतच नाही.

शहराचा वाटा मोठा, यात वाद नाही. पण घाण कुठल्या हद्दीतली हे जिवाणू बघत नाहीत. ते ती खातात, खाताखाता पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि मासा गुदमरतो.

निधी नाही, असंही कुणी पुटपुटलं. स्वच्छ भारतच्या दुसऱ्या टप्प्यात एवढ्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपये धरलेत. नांदेडकडच्या गावांनी घरोघरी शोषखड्डे केले. आपल्या काळ्या रानात पाणी मुरत नसेल, तर गटाराच्या तोंडाशी गाळ बसायला टाकी, पुढं खडीचा वाफा आणि त्यात कर्दळ. पाणी खडीतनं, मुळांना घासत सरकतं आणि पलीकडं बरंच निवळून निघतं. पिण्याजोगं नसतं, झाडांना चालतं. वीज लागत नाही. उद्घाटनाला दाखवण्यासारखंही काही नसतं. बहुधा तीच अडचण.

खरा पेच पुढंच आहे. टाकीतला गाळ कोण काढणार? हा प्रश्न आला तशा सगळ्या नजरा मागं वळल्या. गाव ज्या वस्तीच्या अंगावर गटार सोडतं, ती मंडळी तिथं बसली होती. त्यांच्यातल्या एक मावशी बसूनच म्हणाल्या, “घरटी पाळी लावा की.” अध्यक्षांना एकदम चहाची आठवण झाली.

मावशींची सूचना इतिवृत्तात येईल असं वाटत नाही. आलीच, तर पहिली पाळी सरपंचांच्या घरची असावी. शौचालयाच्या टाकीला यंत्राची गाडी बोलवायची. हा नुसता न्हाणी-मोरीचा गाळ, फावड्यानं निघतो. आणि पांढरे कपडे धुतले की निघतात. फक्त ते धुतलेलं पाणी कुठं सोडणार, ते आधी सांगा.